आजाऱ्याची गोष्ट आजाऱ्याकडेच राहू द्या



या पानावर आपण बहुधा रोग कसा ओळखावा, औषध किती दिवस घ्यावे, जनावराला लस कधी टोचावी अशा गोष्टी पाहतो. या वेळचा धडा थोडा निराळा आहे. रोग झाल्यावर त्याची माहिती कोणाला असावी, कोणाला नसावी आणि ती सांगण्याचा अधिकार कोणाचा, हे आज पाहावयाचे आहे. ही शहरातल्या शिकलेल्या लोकांची चैन आहे असे कोणी समजू नये. आपल्या खेड्यांत अर्धवट सोडलेले उपचार, उशिरा दाखवलेली गाठ, लपवलेला खोकला यांच्या मुळाशी पैशांची अडचण असते तशीच आणखी एक अडचण असते. ती म्हणजे "चार लोकांना कळेल" ही भीती.

खेड्यात गुपित राहणे कठीण, हे आम्हांलाही ठाऊक आहे. गाडी एकच, दवाखाना एकच, औषधाचे दुकानही एकच. सकाळच्या गाडीने कोण बेळगावला गेले आणि एक्स-रेचा मोठा लिफाफा काखेत मारून कोण परतले, हे संध्याकाळी दूध घालायच्या वेळेपर्यंत डेअरीवर कळलेले असते. यात बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. "काय हो मामा, डॉक्टर काय म्हणाले?" असे विचारणे ही आपल्याकडे माणुसकी मानतात, आणि ती आहेच. न विचारणारा उलट माणूसघाणा ठरतो. तेव्हा विचारपूस करू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु ती गाडीत, पिठाच्या गिरणीवर किंवा मिस्सा सुटल्यावर देवळाच्या दारात दहा जणांच्या देखत करू नये. आणि मामांनी "आता बरे आहे" एवढेच उत्तर दिले, तर ते पुरते उत्तर समजून पावसापाण्याकडे वळावे.

संत मार्क यांचे शुभवर्तमान उघडून पाहा. सातव्या अध्यायात लोक एका बहिऱ्या-बोबड्या माणसाला प्रभूकडे आणतात. प्रभू त्याला तेथेच सर्वांसमोर बरा करीत नाही. गर्दीतून काढून एकीकडे नेतो. पाचव्या अध्यायात याईरच्या मुलीच्या खोलीत तिचे आईबाप आणि तीन शिष्य एवढेच राहतात, बाकीच्यांना बाहेर जावे लागते. पहिल्या अध्यायातल्या कुष्ठरोग्याला तर प्रभू बजावतो की, कोणाला सांगू नकोस, पण जाऊन याजकाला स्वतःला दाखव. आपली ओळख इतक्यात उघड होऊ नये म्हणून प्रभूने असे सांगितले, असा अर्थ विद्वान लावतात. तो बरोबरच असेल. आरोग्याचे पान लिहिताना आम्हांला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मोशेच्या नियमशास्त्रात कुष्ठरोगाची तपासणी करणारा नेमलेला अधिकारी याजकच होता. म्हणजे ज्याला कळणे जरूर होते त्याला कळवायचे. गावाला कळवायचे कारण नव्हते. तो बरा झालेला माणूस पुढे सगळीकडे सांगत सुटला, हे खरे आहे. पण सांगितले ते त्याने स्वतः, आणि गोष्ट त्याची होती.

गोव्यात घडलेली हकीकत

आजाऱ्याची गोष्ट त्याच्या हातून काढून घेतली म्हणजे काय होते, याचे उदाहरण फार लांबचे नाही. म्हापशाजवळच्या पर्रा गावी डॉमनिक डिसोझा नावाचा तरुण राहत असे. तो नेहमी रक्तदान करी. अशाच एका रक्तदानानंतर त्याच्या रक्तात एचआयव्हीचे विषाणू सापडले. आता ही गोष्ट प्रथम त्याला, एकट्याला बसवून, धीर देऊन सांगावयास हवी होती. तसे झाले नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलिसांनी बोलावून घेतले, इस्पितळात नेले आणि पुढे वापरात नसलेल्या एका जुन्या क्षयरोग आरोग्यधामात नेऊन एकट्याला पहाऱ्यात ठेवले. आपल्याला काय झाले आहे हे त्याला स्वतःला कळण्याआधी पोलिसांना कळलेले होते. त्या ठिकाणी तो ६४ दिवस होता. गोव्याच्या त्या वेळच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला अलग ठेवण्याची तरतूद होती, तिच्या आधाराने हे झाले.

त्याची आई लुसी डिसोझा गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. निकालात न्यायालयाने तो कायदा रद्द केला नाही, हे सांगितले पाहिजे; पण या एका आईच्या खटल्यामुळे हा प्रश्न देशभर गेला. डॉमनिकने पुढे आपल्यासारख्या इतरांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि मे १९९२ मध्ये तो मरण पावला. आपली हकीकत त्याने स्वतः उघडपणे लोकांपुढे मांडली होती, म्हणूनच आम्ही त्याचे नाव येथे छापतो आहोत.

एचआयव्ही हा स्पर्शाने, एका ताटात जेवण्याने, एका बाकावर बसून मिस्सा ऐकण्याने किंवा डास चावल्याने पसरत नाही. मग त्या माणसाला कोंडून कोणाचे रक्षण झाले? कोणाचेच नाही. नुकसान मात्र मोठे झाले. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून जो रक्त द्यायला गेला त्याची ही गत झाल्यावर, ज्याला शंका आहे असा दुसरा माणूस आपणहोऊन चाचणीला कशाला येईल? तो घरीच राहील, रोग अंगात वाढवील आणि कदाचित बायकोलाही देईल. माहिती उघड केल्याने गाव सुरक्षित होते अशी समजूत पुष्कळांची आहे, आणि तिचा फोलपणा या एका हकीकतीत दिसतो.

आज कायदा बदललेला आहे. एचआयव्ही व एड्ससंबंधीचा २०१७ चा केंद्रीय कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे माणसाला समजावून, त्याची संमती घेतल्याशिवाय चाचणी करता येत नाही आणि तिचा निकाल त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. नोकरी देण्यासाठी किंवा शाळेत घेण्यासाठी अशी चाचणी मागता येत नाही. "मग नवऱ्याला रोग असला आणि तो सांगत नसला, तर बायकोने काय अंधारात राहायचे?" असा प्रश्न आमच्या भगिनी विचारतील, आणि तो रास्त आहे. कायद्याने त्याचाही विचार केला आहे. जोडीदाराला खरोखर धोका आहे, रोग्याला नीट समजावून झाले, तरीही तो सांगत नाही, अशा वेळी डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. मात्र सांगितल्यामुळे बाईला मारहाण होईल अशी भीती असेल तर तिच्याबद्दल नवऱ्याला सांगू नये, असेही त्यात आहे. हा अधिकार डॉक्टरचा आहे. शेजाऱ्याला, दिराला किंवा औषधवाल्याला तो दिलेला नाही.

त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने ठरविले की, माणसाचा खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. तो खटला आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी म्हातारपणी चालविला. तरीही २०२० साली करोनाच्या साथीत काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. दारावर कागद चिकटवले गेले, हातावर शिक्के मारले गेले, घरात थांबायला सांगितलेल्यांच्या पत्त्यांच्या याद्या मोबाईलवर फिरल्या. त्या कागदांमुळे शेजारी दुधाचा रतीब बंद करू लागले आणि ताप आलेला माणूस ताप लपवू लागला. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली अधिकाऱ्याचा खास आदेश असल्याखेरीज रोग्याच्या दारावर असा कागद लावू नये.

कळवणे वेगळे, बभ्रा वेगळा

क्षयरोगाच्या बाबतीत एक गैरसमज आहे तो दूर केला पाहिजे. खाजगी दवाखान्यात गेले म्हणजे सरकारला कळत नाही, असे समजून काही जण मुद्दाम लांबच्या डॉक्टरकडे जातात. मे २०१२ पासून क्षयरोगी आढळल्यास प्रत्येक डॉक्टरने, मग तो सरकारी असो की खाजगी, आरोग्य खात्याला कळविणे बंधनकारक आहे. यात रोग्याचा अपमान नाही. याजकाला दाखवण्यासारखेच हे आहे. नोंद झाली म्हणजे औषध फुकट मिळते, घरातल्या इतरांची तपासणी होते आणि पोषणासाठी दरमहा पैसे खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून १००० रुपये झाली आहे. खाते जाणते ते उपचारासाठी. डेअरीचा सेक्रेटरी, ग्रामपंचायतीचा शिपाई किंवा शाळेचे हेडमास्तर यांना ते कळविण्याचे काही कारण नाही.

जो लांबच्या डॉक्टरकडे जातो त्याचे पुढे काय होते? दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस येते, सुगी येते. मग गाडीभाडे आणि रोजगार दोन्ही कोण बुडवणार म्हणून तो औषध सोडतो. अर्धवट सोडलेला क्षय पुन्हा उठतो तेव्हा नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. हेच औषध त्याने जवळच्या आरोग्य केंद्रातून घेतले असते, तर सहा महिने निघाले असते. पण जवळच्या केंद्रात रांगेत ओळखीची माणसे असतात, आणि खिडकीतून नाव आणि रोग मोठ्याने पुकारला जातो. आमच्या मते येथे दोष रोग्याच्या अज्ञानाचा कमी आणि त्या पुकारण्याचा जास्त आहे. केंद्रातल्या परिचारिकेला नम्रपणे सांगावे: "सिस्टर, नाव पुकारा, आजार नको." बहुतेक जणी ऐकतात.

शेतकऱ्याला खास लागू पडणारे दुसरे उदाहरण जनावराचे आहे. गाय किंवा म्हैस दिवस भरण्याआधी गाभडते. घरातला कोणी उघड्या हाताने ते मेलेले वासरू आणि वार उचलून पुरतो. काही आठवड्यांनी त्याला उलटून उलटून ताप येऊ लागतो, रात्री घाम फुटतो, कंबर व सांधे धरतात. हा ब्रुसेल्ला नावाच्या जंतूंचा ताप असू शकतो. डॉक्टर विचारतात, "घरी जनावरे आहेत का? कुठले गाभडले का?" आणि दूध बंद होईल या भीतीने आपला माणूस म्हणतो, "नाही साहेब." मग मलेरिया, टायफॉईड अशा चाचण्यांत महिना जातो. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. जनावराचा सांसर्गिक रोग पशुवैद्यकीय खात्याला कळविणे हे २००९ च्या कायद्याप्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. ते करावे, म्हणजे बाकीची जनावरे आणि दुसऱ्यांचे गोठे वाचतील. माणसाचा आजार मात्र त्या माणसाचा आणि त्याच्या डॉक्टरचा. डॉक्टरने तो डेअरीला कळवायचा नाही. तेव्हा डॉक्टरला खरे सांगावे आणि घरी दूध उकळूनच प्यावे.

फवारणीच्या औषधाची बाधा झाली, किंवा कोणी रागाच्या भरात ते प्याले, तर याहून जास्त घाई करावी लागते. औषधाचा डबा किंवा बाटली लेबलासकट बरोबर न्यावी, कारण उतारा कुठला द्यायचा हे त्यावरून ठरते. अशा वेळी इस्पितळ पोलिसांना कळवते; ते त्यांना करावेच लागते. त्याला भिऊन "चुकून पोटात गेले" किंवा "पोट दुखते" असे सांगत बसू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे गृहीत धरले आहे की, जीव द्यायला निघालेला माणूस मोठ्या मानसिक ताणाखाली होता. त्याला शिक्षा करायची नाही. त्याच कायद्याने मनाच्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही रोग्याला दिला आहे. गावात परतल्यावर त्या घरी भेटायला जाणाऱ्यांनी "का रे बाबा असे केलेस?" हा प्रश्न घरीच ठेवून जावे.

सोबत गेलेल्या माणसाचे तोंड

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. बेळगावच्या मोठ्या इस्पितळात कागद कानडीत किंवा इंग्रजीत, आणि आपल्यापैकी पुष्कळांना दोन्ही वाचता येत नाहीत. म्हणून आपण कानडी बोलणारा एखादा शेजारी बरोबर नेतो. तो बिचारा आपला रोजगार बुडवून येतो, डॉक्टरशी बोलतो, कागद वाचून दाखवतो. म्हणजे रोग्याच्या आधी त्याला रोग कळतो. अशा माणसासाठी आपल्या धर्मात एक सुंदर नियम आहे. पापनिवेदनाचे, म्हणजे आपल्या कुमसाराचे गुपित धर्मगुरूने कोणत्याही कारणाने फोडायचे नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण १९८३ च्या धर्मसंहितेत त्याच ठिकाणी आणखी असेही म्हटले आहे की, कुमसाराच्या वेळी दुभाषा लागला तर तो दुभाषासुद्धा, आणि ज्याच्या कानावर ते कसेही पडले तो प्रत्येक जण, गुपित पाळण्यास बांधलेला आहे. डॉक्टरची खोली म्हणजे कुमसाराची खोली नव्हे, हे आम्हांला कळते. पण दुभाष्याची जबाबदारी दोन्हीकडे सारखीच समजावी. त्याच धर्मसंहितेच्या २२० व्या कलमात कोणाच्याही खाजगीपणाच्या हक्काला आणि चांगल्या नावाला धक्का लावू नये असे सांगितले आहे, आणि कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात डॉक्टर-वकिलांनी धंद्यात कळलेली गुपिते राखावीत असे शिकवले आहे.

बरोबर कोणाला न्यायचे हे आजाऱ्याने ठरवावे. आपल्या घरांतून सून आजारी असली की सासू आणि नवरा दोघेही आत जातात, आणि डॉक्टरच्या प्रश्नांची उत्तरे तेच देतात. ती खाली मान घालून बसते. अंगावरून जाते, गाठ लागते, हे ती बोलू शकत नाही. डॉक्टरांनी "जरा बाहेर बसा" म्हटले तर रागावू नये. त्यांनी म्हटले नाही तर सासूबाईंनी आपणहोऊन उठावे.

आपल्या चर्चमध्ये

आता थोडे आपल्या घरातले. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावे वाचतात. नाव वाचावे, तेही विचारून. रोगाचे नाव वाचू नये. देवाला ते ठाऊक आहे. घरोघर ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्या सेवकांना आणि तैलाभ्यंगाच्या वेळी धर्मगुरूंबरोबर जाणाऱ्यांना खाटेखालचे भांडे, टेबलावरच्या गोळ्या, भिंतीवरचा कागद असे पुष्कळ काही दिसते. ते तेथेच राहावे.

ऑपरेशनसाठी वर्गणी काढताना घोळ होतो. लोक म्हणतात, पैसे देतो तर कशासाठी ते कळायला नको? आम्ही या मताचे आहोत की, कागद फादरांनी आणि खजिनदाराने पाहावेत, खर्चाचा हिशेब सर्वांना द्यावा, आणि आजार काय ते सांगायचे की नाही हे आजाऱ्याला विचारावे. मुलाने परवानगी दिली म्हणजे आईने दिली असे होत नाही. रक्त हवे असेल तर मोबाईलवरच्या निरोपात रक्तगट, इस्पितळ आणि फोन करायचा नंबर एवढे पुरते. नाकात नळ्या घातलेल्या माणसाचा फोटो कशाला? तो बरा होऊन परत आला तरी फोटो फिरतच राहतो.

क्षयरोग्यांना धान्य-कडधान्याची टोपली देण्याची 'निक्षय मित्र' योजना २०२२ पासून सुरू आहे, आणि काही धर्मग्रामांना ती करावीशी वाटते. जरूर करावी. त्या योजनेतही रोग्याची संमती आधी घ्यावी लागते. परंतु टोपली देतानाचा फोटो काढून तो सूचनाफलकावर लावला, तर दारावर कागद लावण्यासारखेच झाले. टोपली संध्याकाळी घरी पोचवावी.

कधी कधी मात्र सांगणेच जरूर असते. बोर्डिंगमधल्या मुलाला फेफरे येत असेल, तर वॉर्डनला आणि वर्गशिक्षकाला ते माहीत असले पाहिजे. नाहीतर विहिरीवर किंवा झाडावर असताना झटका आला तर जीव जाईल. वॉर्डनने ते इतर पालकांना सांगू नये, इतकेच.

माहिती गोळा करायला येणारे

गावात आशाताई येतात, त्यांना लसीकरणाची आणि गरोदरपणाची माहिती द्यावी. ते त्यांचे काम आहे. याखेरीज कधी कॉलेजचे विद्यार्थी, कधी एखाद्या संस्थेचे लोक संशोधनासाठी येतात. रक्त घेतात, प्रश्न विचारतात, अंगठा घेतात. संशोधन चांगलेच आहे. त्यातूनच औषधे निघतात. पण त्याबाबत एक जुनी गोष्ट निपाणी भागातल्या आमच्या तंबाखू पिकवणाऱ्या बंधूंनी जरूर ऐकावी.

अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाची एक काळी स्त्री होती. व्हर्जिनिया राज्यात तंबाखूच्या शेतावर राबत ती वाढली. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असल्याचे कळले. उपचारांच्या वेळी तिच्या गाठीचा तुकडा काढून, तिला न विचारता, प्रयोगशाळेत दिला गेला. त्यातल्या पेशी मरेनातच. ती त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, ३१ व्या वर्षी, पाच मुले मागे ठेवून गेली. तिच्या पेशी मात्र जगभर वाढवल्या गेल्या आणि पोलिओच्या लशीच्या कामापासून पुष्कळ शोधांना उपयोगी पडल्या. घरच्यांना याचा पत्ता १९७३ पर्यंत नव्हता. त्यांच्या संमतीवाचून तिच्या इस्पितळातल्या कागदांतला मजकूर पुढे एका पुस्तकात छापला गेला. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्या पेशींचा आनुवंशिक आराखडा सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध केला, पुन्हा घरच्यांना न विचारता. आनुवंशिक म्हणजे मुलानातवंडांच्या अंगात काय उतरले असू शकेल तेही त्यात आले. घरच्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने तो आराखडा कोणाला पाहू द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत त्या घरातल्या दोघांना बसवले. इतक्या उपयोगी कामातही कोणी एक शब्द विचारला नव्हता, हीच घरच्यांची तक्रार होती.

येणारे लोक म्हणतात, "तुमचे नाव आम्ही छापणार नाही." तेवढ्याने शहरात भागेल, आपल्याकडे भागत नाही. अमुक वाडी, एकच ख्रिस्ती घर, विधवा बाई, वय ५२, तीन म्हशी, एवढे छापले तर नाव कशाला हवे? पोरेसुद्धा बोट दाखवतील. म्हणून सही-अंगठा करण्याआधी विचारावे की आपण कोणत्या संस्थेचे, नीतिसमितीची परवानगी आहे का, माझी वाडी आणि जात-धर्म छापणार का, रक्त दुसऱ्या कामाला वापरणार का. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे माहितीपत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, आणि नको म्हटले किंवा मधूनच अंग काढून घेतले तरी आपल्या उपचारांत फरक पडता कामा नये. कागद कानडीत असेल तर मराठीत वाचून दाखवा म्हणावे. दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोर्डिंगच्या वॉर्डनने सही करू नये, आईबापांना बोलवावे.

हल्ली इस्पितळात चौदा आकडी आरोग्य खाते क्रमांक काढतात. तो सोयीचा आहे, कारण जुने कागद एकत्र राहतात. पण तो ऐच्छिक आहे. मोबाईलवर येणारा सांकेतिक आकडा ही आपल्या कागदांची किल्ली आहे, ती फोनवर कोणालाही सांगू नये. संगणकातही चोरी होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स इस्पितळाचे संगणक चोरट्यांनी बंद पाडले, तेव्हा तेथे कित्येक दिवस सगळे काम हाताने लिहून चालले होते.

स्वतःचे कागद

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. दुसऱ्यांपासून झाकलेले कागद खुद्द आजाऱ्यापासून झाकायचे नसतात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे इस्पितळात दाखल झालेल्या रोग्याची कागदपत्रे डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवली पाहिजेत, आणि रोग्याने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितली तर ७२ तासांच्या आत दिली पाहिजेत. बेळगावला काढलेले कागद घेऊन मिरजेला किंवा बांबोळीला जायचे असेल तर याचा उपयोग होतो. त्याच त्या तपासण्यांचा खर्च वाचतो. अर्जात रोग्याचे नाव, दाखल झाल्याची तारीख आणि केसपेपरचा नंबर लिहावा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. घरी हे कागद पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवावेत; जुने झाले म्हणून रद्दीत घालू नयेत, कारण रद्दी शेवटी शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला जाते.

असा अर्ज ज्यांना लिहून हवा असेल त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पॅरिश कार्यालयात यावे. केसपेपर बंद लिफाफ्यात आणावा. फक्त नंबर वाचून दाखवला तरी अर्ज होतो, आजाराचे नाव आम्हांला सांगावे लागत नाही.